काचेवर काम काय झालंय ते बघा, मगच कोड ठरवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मध्यंतरी आयातीबद्दल एक बातमी होती, त्यात असं वाक्य होतं की आयातदार लोक मुद्दाम चुकीचा कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा ज्यावरून ड्युटीचा दर ठरतो तो, टाकून कस्टम ड्युटी वाचवतात. काही जण करत असतील, त्यांना पकडा, दंड करा, माझं काहीच म्हणणं नाही. पण सगळ्यांना एकाच वाक्यात गुंडाळलंत ते मनाला लागलं. मी रत्नागिरीत छोटा कारखाना चालवतो, काचेचे तयार पार्ट बाहेरून मागवतो, आणि त्या पार्टचा कोड नक्की कुठला या एकाच प्रश्नावर माझा माल बंदरात अडकून बसला होता. बंदर कुठलं ते लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका बंदराचा किंवा एका ऑफिसरचा नाहीच आहे. काचेच्या बाबतीत हे सगळीकडे होतंय आणि कोकणातल्या बऱ्याच छोट्या युनिटवाल्यांना ते भोवतंय, पण कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. पत्र लांबेल, पण कृपा करून कापू नका, कापलं तर मुद्दाच कळणार नाही.

आधी आम्ही करतो काय ते सांगतो. लोटे परशुरामला केमिकलचे कारखाने आहेत, पुढे महाड, रोहा. तिथल्या रिॲक्टरला अंगावर एक गोल खिडकी असते, आत फेस येतोय का, लेव्हल कुठवर आली, रंग बदलला का हे ऑपरेटर त्यातून बघतो, तिला साइट ग्लास म्हणतात. दुसरा माल म्हणजे बॉयलरची गेज ग्लास. वेंगुर्ला सावंतवाडीकडच्या काजू फॅक्टऱ्यांत बी वाफवायला बॉयलर लागतो, आंब्याच्या कॅनिंगवाल्यांना पण लागतो, आणि बॉयलर म्हटला की पाण्याची पातळी दाखवणारी दोन साधनं त्यावर असायलाच हवीत असा नियम आहे. पातळी खाली गेली आणि कळलं नाही तर काय होतं ते बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला विचारा. म्हणजे ही काच शोभेची नाही, तिच्यावर माणसाचा जीव आहे.

फ्रेम, फ्लँज, गॅस्केट, बोल्ट सगळं आम्ही इथे करतो. काच इथे मिळते तेव्हा इथलीच घेतो, पण काही साइझ आणि सर्टिफिकेटसकट पाहिजे असली की बाहेरून आणावी लागते. गोल काचेला डीआयएन ७०८० नावाचं जर्मन स्टँडर्ड आहे, ती बोरोसिलिकेट काच, २८० डिग्रीपर्यंत चालते. साध्या सोडा लाइम काचेचं स्टँडर्ड वेगळं, डीआयएन ८९०२, ती १५० डिग्रीपर्यंतच. लांबट गेज ग्लास डीआयएन ७०८१ मध्ये येते. आता गंमत नव्हे पण खेदाची गोष्ट म्हणून सांगतो, आमच्याच कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू ट्रकांनी बाहेर जाते, आणि काम केलेली काच आम्ही डॉलर मोजून परदेशातून आणतो. सगळी किंमत त्या कामाचीच आहे. आणि कस्टमचं टॅरिफसुद्धा काचेला कामावरूनच ओळखतं, माझ्या पत्राचा सगळा मुद्दा तिथेच आहे.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जगभरचा माल एकाच आकड्यांच्या भाषेत लिहायची पद्धत आहे, हार्मोनाइज्ड सिस्टम, ब्रसेल्सच्या वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची, ती १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, आपल्याकडे पुढे दोन लावून आठ करतात. पहिले दोन म्हणजे चॅप्टर, पहिले चार म्हणजे हेडिंग. काचेचा चॅप्टर ७०. आपल्याकडे हे सगळं कस्टम्स टॅरिफ ॲक्ट १९७५ च्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहे.

आता चॅप्टर ७० उघडा आणि सावकाश वाचा. ७००३ म्हणजे कास्ट किंवा रोल केलेली शीट, ७००४ ड्रॉ केलेली किंवा फुंकलेली, ७००५ फ्लोट आणि घासून पॉलिश केलेली शीट. ही झाली कच्ची शीट. हीच शीट वाकवली, कडा घासल्या, भोक पाडलं, कोरली, इनॅमल केलं की ती ७००६ मध्ये जाते. टफन केली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केली, किंवा लॅमिनेट केली, म्हणजे थर चिकटवले, की ७००७, सेफ्टी ग्लास. डबल काचेचं इन्सुलेटिंग युनिट ७००८, आरसा ७००९, सिग्नलची काच ७०१४, लॅबोरेटरीची ७०१७, आणि कुठेच बसत नसेल तर ७०२०, काचेच्या इतर वस्तू. म्हणजे काच तीच, मटेरियल तेच, भट्टी पण कदाचित तीच, पण तिच्यावर शेवटी काय केलं त्यावरून घर बदलत जातं.

चॅप्टरच्या सुरुवातीला नोटा आहेत, त्या तर अजून बारीक आहेत. नोट २ सांगते की ॲनीलिंगच्या आधी, म्हणजे काच सावकाश थंड करून तिच्यातला ताण काढायच्या आधी, जे काही केलं त्याला या शीटच्या हेडिंगांसाठी 'काम केलं' असं धरायचं नाही. तीच नोट पुढे सांगते की शीट नुसती आकारात कापली म्हणून तिचं हेडिंग बदलत नाही. म्हणजे फ्लोट शीटमधून गोल चकती कापली आणि तशीच ठेवली तर ती ७००५ च. तिची कड मशीनवर घासली की ७००६. आणि नोट ३ म्हणते की ७००६ चा माल बघायला एखाद्या तयार वस्तूसारखा दिसला तरी तो ७००६ मध्येच राहणार. बघा किती विचार करून लिहिलंय! ज्यांनी लिहिलं त्यांनी काचेच्या कारखान्यात उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं मला, मनापासून सांगतो.

पण या नोटा वापरायच्या तर काचेवर काय काम झालंय ते कळायला पाहिजे ना. इन्व्हॉइसवर काय असतं? 'ग्लास डिस्क, इतके एमएम बाय इतके एमएम, इतके नग.' बस. कड घासलीय का, टफन केलीय का, खाच गरम असताना दाबलीय की नंतर कोरलीय, यातलं काहीच नाही. आणि असेसमेंट, म्हणजे कोड आणि ड्युटी तपासून ठरवणं, आता फेसलेस आहे, जून २०२० मध्ये बेंगळुरू आणि चेन्नईपासून सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबर अखेरपर्यंत देशभर आलं. माल इथल्या बंदरात, फाइल बघणारा ऑफिसर दुसऱ्या कुठल्या तरी शहरात, त्याच्या समोर फक्त स्क्रीनवरचे कागद. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही, ओळखीपाळखीचा त्रास कमी झाला हे खरंच चांगलं झालं. पण ज्याने काच हातात घेतली नाही त्याने कागदावरून काच ओळखायची, तर कागद तरी पुरेसा नको का?

माझ्या केसमध्ये काय झालं ते सांगतो. लांबट गेज ग्लास होती, रिफ्लेक्स टाइप. हिच्या आतल्या बाजूला उभ्या खाचा असतात, प्रिझमसारख्या. जिथे मागे वाफ असते तिथे उजेड त्या खाचांवरून पूर्ण परत फिरतो आणि काच चांदीसारखी दिसते, जिथे मागे पाणी असतं तिथे उजेड पाण्यात निघून जातो आणि काच काळी दिसते. त्यामुळे लांबूनसुद्धा बॉयलरवाल्याला पातळी कळते. फार सुंदर युक्ती आहे. आमचा माल टफन केलेला, म्हणून आम्ही ७००७ टाकला, आधीचा सेम माल त्याच कोडवर सुटला होता. यावेळी क्वेरी आली की खाचा प्रिझमच्या आहेत मग हे ९००१ का नाही, म्हणजे ऑप्टिकल एलिमेंट, चॅप्टर ९० मधलं, जिथे ऑप्टिकल आणि मोजमापाची उपकरणं असतात. त्याचं उत्तर दिलं. मग क्वेरी आली की लेव्हल गेजचा पार्ट आहे तर ९०२६, म्हणजे पातळी-दाब मोजणाऱ्या उपकरणांच्या हेडिंगच्या पार्टमध्ये का नाही. त्याचंही उत्तर दिलं. नंतर परत, मशिनरीचा काचेचा पार्ट म्हणून ७०२० का नाही. सीएचए, म्हणजे आमचं कस्टमचं काम बघणारा एजंट, बिचारा रोज फोन करायचा, माझ्याकडे ड्रॉइंग होतं, कॅटलॉग होता, टेस्ट सर्टिफिकेट होतं, सगळं ई-संचितवर, कस्टमची कागदपत्रं ऑनलाइन द्यायच्या सोयीवर, चढवलं. आणि तिकडे कंटेनरचं भाडं चालू.

मी त्या ऑफिसरवर रागावलेलो नाही. हे प्रश्न मूर्खपणाचे नव्हते, उलट प्रत्येक प्रश्नामागे टॅरिफमधली खरी ओळ आहे, आणि तिथेच खरी अडचण आहे. चॅप्टर ७० ची नोट १ म्हणते की ऑप्टिकली वर्क केलेले ऑप्टिकल एलिमेंट ७० मध्ये नाहीत, ९० मध्ये जा. चॅप्टर ९० ची नोट १ म्हणते की ७००७ चा माल ९० मध्ये नाही, ७० मध्ये जा. दोन्ही दारांवर एकमेकांकडे बोट दाखवणारी पाटी! मग सुटका कशाने होणार? फक्त एका गोष्टीने, की काचेवर ऑप्टिकल काम झालंय की नाही. ऑप्टिकल काम म्हणजे उजेड पाहिजे तसा वळवायचा म्हणून पृष्ठभाग आधी घासायचा आणि मग बारीक पॉलिश करायचा, लेन्स करतात तसं. आमच्या काचेच्या खाचा काच गरम असताना साच्यात दाबून आलेल्या आहेत, त्या घासलेल्या नाहीत. घासून पॉलिश केलाय तो दुसरा भाग, जिथे गॅस्केट बसतं तो, आणि तो का केलाय तर सपाट बसावं, वाफ लीक होऊ नये म्हणून. उजेडाशी त्याचा काही संबंध नाही. पण सर्टिफिकेटवर 'पॉलिश्ड' एवढा एकच शब्द होता, आणि त्या एका शब्दावरून सगळी फाइल ९० च्या दिशेला निघाली.

सप्लायरकडून एक पानाचं प्रोसेस स्टेटमेंट मागवलं, कुठला भाग साच्यातून, कुठला भाग घासलेला, टफनिंग कधी, किती तापमानाला, आणि ते लावल्यावर गाडी पुढे सरकली. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या असेसमेंटवर बाँड देऊन माल सोडवला, फायनल अजून व्हायचंय. जे पान शेवटी मागितलं ते पहिल्याच दिवशी का मागत नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

बाकीच्या कोडबद्दल पण बोलतो कारण लोक इथे फार गोंधळतात. मशीनचा पार्ट काचेचा असला तर काय? चॅप्टर ८४, म्हणजे मशिनरी, त्याची नोट १ स्पष्ट सांगते की मशिनरीचे किंवा तांत्रिक वापराचे काचेचे पार्ट ८४ मध्ये नाहीत, ते ७०१९ किंवा ७०२० मध्ये. त्यामुळे 'पंपाची काच आहे म्हणून पंपाच्या हेडिंगमध्ये टाका' हे चालत नाही. पण चॅप्टर ८५, म्हणजे इलेक्ट्रिकल, तिथे तशी सरसकट बंदी नाही, तिथली नोट फक्त ७०११ च्या काचा बाहेर काढते, बल्ब आणि पिक्चर ट्यूबच्या. म्हणून काचेचा पार्ट ८४ च्या मशीनचा असला तर एक न्याय आणि ८५ च्या उपकरणाचा असला तर दुसरा. ९० मध्ये अजून तिसरा, तिथे ७००७, ७००८, ७०११, ७०१४, ७०१५, ७०१७ एवढे नाव घेऊन बाहेर काढलेत, पण ७०२० चं नाव त्यात नाही. म्हणजे टफन न केलेली गेज ग्लास असेल तर ९०२६ चा पार्ट की ७०२० हा वाद प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी करता येतो. हे मी उगाच सांगत नाही, एवढ्या बारकाव्यात दोन शहाण्या माणसांचं मत वेगळं पडणं साहजिक आहे, आणि त्याला कुणी चोरी म्हणू नये.

आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. मिरकरवाड्यात नाहीतर हर्णैला ट्रॉलर उभे असतात, त्यांच्या केबिनला पुढे टफन काच असते. बोटीच्या मापाची आणि आकाराची टफन काच ७००७ ११ मध्ये येते, तिथे गाड्या, विमानं आणि बोटी एकत्र लिहिल्यात. २०२२ च्या टॅरिफमध्ये वाहनांच्या फ्रेम लावलेल्या काचा चॅप्टर ७० मधून बाहेर काढल्या, पण ती नोट ८६ ते ८८ चॅप्टरच्या वाहनांपुरती आहे, बोटी ८९ मध्ये असतात, त्या त्यात नाहीत. म्हणून मोटारीच्या काचेचा जो नियम तो बोटीच्या काचेला डोळे झाकून लावायचा नाही. त्याच ट्रॉलरच्या डाव्या बाजूच्या लाल दिव्याची आणि उजव्या बाजूच्या हिरव्या दिव्याची काच साच्यातून काढलेली असते, ती नुसती काच सुटी आणली तर ७०१४. एकाच बोटीवरच्या काचा, वेगवेगळी हेडिंगं. मच्छीमार सोसायटीच्या माणसाने हे कुठून शिकायचं?

पैशाचं बोलतो. समजा एक लाखाचा माल आहे. बेसिक ड्युटी १० टक्के धरली तर १०,००० रुपये, त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १० टक्के म्हणजे १,०००, आणि या सगळ्यावर म्हणजे १,११,००० वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १८ टक्के, १९,९८० रुपये. बेसिक साडेसात टक्के धरली तर ७,५०० अधिक ७५०, आणि १,०८,२५० वर आयजीएसटी १९,४८५. हे दर कुठल्या ठरावीक हेडिंगचे म्हणून देत नाही, फक्त हिशोब कळावा म्हणून. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, ते परत येतं. खरा फरक राहिला किती, तर ११,००० वजा ८,२५०, म्हणजे लाखामागे २,७५० रुपये. एवढ्यासाठी माझ्यासारखा माणूस खोटं कागद करेल का? माल अडकला की कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे तो उशिरा परत केल्याचा आकार, यार्डाचं भाडं, आणि तिकडे लोट्याचा ग्राहक शटडाऊन घेऊन बसलेला, तो वेगळाच. या अडकण्यात ड्युटीच्या फरकाच्या कितीतरी पट पैसे जातात. काही मालांत फरक मोठा असतो हे मान्य, तिथे कडक बघावंच. सोलर ग्लासची सवलत २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये पुढे वाढवली नाही, इथे पुरेसं उत्पादन आहे म्हणून, अशा वेळी कोडवर नजर ठेवणं सरकारचं कामच आहे. पण काजूच्या बॉयलरच्या काचेला तोच चष्मा कशाला?

आणि भीती ड्युटीची नाहीच आहे, भीती कस्टम्स ॲक्टच्या कलम २८ ची आहे. २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड आम्हीच ठरवायचा आणि आम्हीच सही करायची. माल सुटला तरी दोन वर्षांत मागे येऊन कमी भरलेली ड्युटी मागता येते, आणि मुद्दाम खोटं लिहिलं किंवा लपवलं असा आरोप असेल तर पाच वर्षं. वर व्याज, सध्या वर्षाला १५ टक्के, आणि आरोप टिकला तर ड्युटीएवढाच दंड कलम ११४अ खाली. लपवलं कशाला म्हणतात? आम्ही ड्रॉइंग दिलं, कॅटलॉग दिला, फक्त आमचं मत पडलं ७००७ आणि ऑडिटचं मत पडलं दुसरं, हे लपवणं नव्हे. सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक्सच्या केसमध्ये हेच सांगितलंय की मालाचं वर्णन खरं दिलेलं असताना नुसता सवलतीचा किंवा हेडिंगचा दावा केला म्हणून ते खोटं डिक्लेरेशन होत नाही. आणि कुठल्या हेडिंगमध्ये माल बसतो हे सिद्ध करायची जबाबदारी डिपार्टमेंटची, हेही कोर्टाने परत परत म्हटलंय. तरी नोटिशीत पाच वर्षं घातलेली बघितली की छोट्या माणसाच्या पोटात गोळा येतो, वकील मुंबईचा करावा लागतो, आणि बरेच जण भांडण्यापेक्षा पैसे भरून मोकळे होतात. तेच पैसे भरणं मग कुणीतरी 'चोरी पकडली' म्हणून मोजतो आणि पेपरात बातमी येते.

यावर उपाय नाही असं नाही. ॲडव्हान्स रुलिंग आहे, मुंबई आणि दिल्लीला २०२१ पासून त्यासाठी ऑथॉरिटी बसलीय, आधीच विचारून कोड ठरवून घ्यायचा, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असं कायद्यात आहे, आणि तो काही वर्षं चालतो. चांगली सोय आहे, मी सगळ्यांना सांगतो की वापरा. पण एका अर्जाची फी दहा हजार, वर सल्लागार, आणि निर्णय बांधील फक्त अर्जदाराला आणि त्याच्यापुरत्या कस्टमला. म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने तीच काच आणली तर त्याने परत पहिल्यापासून सुरुवात करायची. अमेरिकेत अशी रुलिंगं फुकट मिळतात आणि कुणालाही नेटवर शोधून वाचता येतात, युरोपात पण बाइंडिंग इन्फर्मेशनचा उघडा डेटाबेस आहे. आपल्याकडे ऑर्डर वेबसाइटवर टाकतात, पण 'टफन गेज ग्लास' असं टाइप करून नेमकी ऑर्डर हातात येईल अशी सोय छोट्या माणसाला पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. कस्टमच्या सेंट्रल बोर्डाने (सीबीआयसी) काम केलेल्या काचेबद्दल एक सर्क्युलर काढावं, चार ओळींचं नाही, चांगलं उदाहरणांसकट. कड घासलेली चकती, भोक पाडलेली प्लेट, टफन साइट ग्लास, रिफ्लेक्स गेज ग्लास, बोटीची काच, उपकरणाच्या समोरची कव्हर ग्लास, प्रत्येकाचं काय आणि का ते लिहावं. त्यात सरळ सांगावं की काचेच्या पार्टबरोबर बनवणाऱ्याचं प्रोसेस स्टेटमेंट लावा, आणि ते लावलेलं असेल, वर्णन खरं असेल, तर पुढे मत वेगळं पडलं तरी पाच वर्षांचं कलम लावायचं नाही. आणि हेडिंग ठरवताना टॅरिफ वाचायच्या नियमांपैकी पहिला नियम आधी वापरा, म्हणजे हेडिंगचे शब्द आणि नोटा, मग बाकीचे. माझ्या एका क्वेरीत थेट नियम ३(सी) लिहिलेला होता, दोन हेडिंगं सारखीच योग्य वाटली तर आकड्याने जे शेवटचं ते घ्या असा तो नियम आहे, पण तो सगळ्यात शेवटचा आसरा आहे, नोटा वाचायच्या आधी तिथे जायचं नसतं. सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या वुडक्राफ्टच्या केसमध्ये एचएसएनच्या, म्हणजे याच हार्मोनाइज्ड सिस्टमच्या, एक्सप्लनेटरी नोट्स (खुलाशाच्या टिपा) हा भरवशाचा आधार आहे असं सांगून ठेवलंय, तिथे काचेवरच्या प्रक्रिया सविस्तर दिल्यात, त्या उघडल्या तर निम्मे वाद तिथेच मिटतील. बाजारात वस्तूला काय म्हणतात तेही बघतात, १९८६ ला अतुल ग्लासच्या केसमध्ये कोर्टाने त्या कसोटीवर आरसा हा जुन्या एक्साइज टॅरिफच्या 'ग्लास आणि ग्लासवेअर'मध्ये येत नाही असं ठरवलं होतं, पण टॅरिफच्या नोटेत स्पष्ट लिहिलेलं असताना बाजाराला विचारायची गरज नाही.

दुसरं, माल अडकवायच्या ऐवजी जे कायद्यात आहे ते आपणहून द्या. कलम १८ खाली प्रोव्हिजनल असेसमेंट आहे, २०२५ च्या बजेटनंतर ते दोन वर्षांत फायनल करायचं बंधन पण आलं, हे फार चांगलं झालं. कलम ४९ खाली माल वेअरहाउसमध्ये ठेवता येतो. ऑफिसरने आपला कोड बदलला आणि आपल्याला मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसकट ऑर्डर द्यायची हे कलम १७ मध्ये आहे. आमच्या भागातल्या कितीतरी युनिटवाल्यांना यातलं काहीच माहीत नसतं, सीएचए जे सांगेल ते. जिल्हा उद्योग केंद्राने किंवा एमआयडीसीतल्या असोसिएशनने कस्टमच्या लोकांना बोलवून रत्नागिरीत, कुडाळला, महाडला एकेक दिवस बसवावं, लोक काचा हातात घेऊन येतील, दाखवतील, विचारतील. ऑफिसरला पण कळेल की रिफ्लेक्स ग्लासच्या खाचा बोटाला कशा लागतात. आम्ही खर्च उचलू.

माझ्या आयात करणाऱ्या भावंडांना पण सांगतो, सप्लायरला ऑर्डर देतानाच प्रोसेस स्टेटमेंट मागा, इन्व्हॉइसवर 'ग्लास पार्ट' असं मोघम लिहू देऊ नका. टफन असेल तर टफन लिहा, कुठली बाजू घासलीय ते लिहा, आणि कशासाठी घासलीय तेही लिहा. मालाबरोबर एक जास्तीचा पीस सॅम्पल म्हणून ठेवा. आणि आधीच्या मालाची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमला दिलेलं आयातीचं विवरण, जपून ठेवा, जुना माल ज्या कोडवर सुटला तो आपोआप पुढच्याला लागू होत नाही, पण आपण लपवत नव्हतो हे दाखवायला उपयोगी पडतो.

नवं हार्मोनाइज्ड टॅरिफ १ जानेवारी २०२८ पासून येतंय, त्यासाठी दिल्लीत शेड्यूल परत लिहायला घेतलं जाईल. काचेचं सर्क्युलर काढायला यापेक्षा चांगली वेळ नाही. आपल्या पेपरने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या खासदारांना आणि बोर्डाला हा प्रश्न विचारावा अशी विनंती आहे. तुमच्या बातमीदाराला आमचं ड्रॉइंग, प्रोसेस शीट, क्वेरींच्या प्रिंट सगळं बघायला मिळेल, कारखान्यात कधीही पाठवा, दुपारी दोननंतर आला तर टेस्टिंग चालू असतं ते पण दाखवतो.

आपला नियमित वाचक,
एक लघुउद्योजक, रत्नागिरी